पाचवा तवा

फॉर्म आठ पानांचा होता.
वर ठळक अक्षरांत : लघुउद्योगांच्या वाढीवर परिणाम करणारे घटक.
अमारेचने तो पीठ लागलेल्या बोटांनी
उलटा धरून पाहिला,
आणि पहिला प्रश्न तिनेच विचारला :
"कचेरीकडून आलास?"
नाही म्हणालो. विद्यापीठाकडून.
तिने निम्मा विश्वास ठेवला
आणि स्टुलावरची चाळणी उचलून मला जागा दिली.

हवासाच्या तळ्याकाठी, मासळीबाजाराच्या मागे
तिची पत्र्याची खोली.
चार वीजतवे, एकेक परातीएवढा,
आणि कोपऱ्यात काहीतरी गोल, फुलाफुलांच्या चादरीखाली.
वीज पहाटे चारला गेली ती गेलीच.
पिंपात तेफचं पीठ, तिसऱ्या दिवसाचं,
आंबून काठाशी आलेलं.
बुडबुडा फुटला की वाटायचं
खोलीत अजून कुणीतरी आहे.

"भांडवल कुठून आणलंत?"
पर्याय : बँक, संस्था, नातेवाईक, स्वतःची बचत.
ती म्हणाली, इक्कुब.
बारा बायका, दर महिन्याला पैसे, डब्यात चिठ्ठ्या.
चौथ्याच महिन्यात तिचं नाव निघालं
आणि तिने ती पाळी त्सिगेला देऊन टाकली;
त्सिगेच्या पोरीच्या पोटात गाठ होती.
स्वतःचे पैसे हाती आले अकराव्या महिन्यात,
तोवर तव्यांचे भाव चढले होते.
"हे कुठे लिहू?"
"लिहू नकोस. ती पोरगी आता माझ्याकडेच पीठ कालवते."
मी 'कामगार'समोर लिहिलं : एक.

बँकेचं विचारलं तर हसली.
साहेबांनी घराचा कागद मागितला.
विटा हिच्या, पत्रा हिचा,
कागद दांगिसोचा. दांगिसो म्हणजे दीर.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, मान्य.
पण अंथरूणच दिराच्या नावावर असलं
तर बाईने काय उभ्यानेच झोपावं?

रस्ता झाला त्या वर्षी गिऱ्हाईक वाढलं.
मग त्याच रस्त्याने शाशमनेहून
प्लॅस्टिकच्या पिशवीतला इंजेरा आला, दोन बिर स्वस्त.
बजाजवाला पोरगा दोघांचाही माल वाहतो,
तिच्याकडे चहा पितो.

तळ्यावरच्या हॉटेलने रोज तीनशे मागितले होते,
पैसे साठ दिवसांनी.
तेफवाला साठ मिनिटं थांबत नाही.
तिने बोटांच्या पेरांवर हिशोब मांडून दाखवला :
जितके जास्त विकायचे
तितक्या लवकर बुडायचं.
दोन वर्षांच्या पदवीत
हे गणित मला कुणी घातलं नव्हतं.

मग आला तो प्रश्न,
जो विचारताना मी नेहमी कागदाकडे बघतो :
"तीन वर्षांत धंदा का वाढला नाही?"

ती उठली नाही. नुसती चादरीकडे हनुवटी केली.
"चार तवे, तोवर मी चार घरच्या भाकऱ्या भाजणारी बाई.
पाचवा मांडला की कारखाना.
कारखान्याच्या दारात एक माणूस येतो, पावतीपुस्तक घेऊन.
त्याच्या मागून दुसरा,
पावतीपुस्तकाशिवाय."

रकाना होता दीड इंचाचा.
मी पेन टेकवलं, उचललं.
पिंपात एक बुडबुडा फुटला.

तेवढ्यात दिवा लागला.
आता मुलाखत कसली!
त्सिगेची पोरगी मागच्या दारातून धावत आली,
चारही बटणं खटाखट खाली,
मातीचा तापायला लागलेला वास,
आणि डावाची पहिली धार, बाहेरून आत,
गोल गोल,
हळूहळू डोळे उघडत जाणारा इंजेरा.

मी कागद आवरत होतो.
तिने माझ्याकडे पाहिलं, क्षणभर,
तव्याचा ताव अजमावावा तसं.
मग विचारलं, "आज वार कोणता?"
"रविवार."
"म्हणजे कचेरी बंद."

आणि कोपऱ्यात जाऊन
तिने चादर ओढली.